दात न टेकवता

चिमणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मास्तर स्वतःला सांगत. खरं तर राहून काही गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं, एवढंच. पत्र आलं तेव्हा खिडकीतल्या कुंडीत बायकोने नुकतं बी टाकलं होतं. आता त्या रोपाला काठीचा आधार द्यायची वेळ आली होती, तरी उत्तराचा पत्ता नव्हता.

पत्र छोटंसं होतं. "मास्तर, फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते आहे. नवा हॉल बांधून होत आलाय. उद्घाटनाला आपला बँड वाजणार, आणि बँडमास्तरची काठी पहिल्यांदाच माझ्या हातात असणार. सूर तुम्ही द्यावा अशी माझी इच्छा आहे. एकच सूर. पुढचं आम्ही सांभाळू. नाही जमलं तर सुराचं मशीन लावीन, राग मानणार नाही. पण हॉल उघडायच्या आधी कळवा."

एका सुराचं ते काय एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण बँड वाजायला लागण्याआधी एक वाद्य एकच लांब सूर धरतं, आणि बाकी सगळे आपापलं वाद्य त्याला मिळवून घेतात. तो सूर चुकला तर सगळा बँड मिळून चुकतो. आगगाड्यांच्या वर्कशॉपच्या बँडमध्ये हा सूर मास्तरांच्या क्लॅरिनेटचा असे. दिवसभर ते फिटर. भोंगा झाला की हात रॉकेलने धुवायचे, वर साबण लावायचा, आणि शेडमागच्या खोलीत जाऊन पेटी उघडायची. बँडमास्तर बदलले, गणवेशाचा रंग बदलला, मोठमोठे ढोल आले आणि फुटून गेले. सूर देणारा माणूस बदलला नाही. मास्तर स्वभावाने इतके बुजरे की कँटीनमध्ये चहा गार मिळाला तरी गार पीत. पण सूर द्यायला उभे राहिले की त्यांच्या खांद्यांची ठेवणच बदलायची. सगळी खोली गप्प व्हायची. त्या शांततेचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कोणाला सांगितलेला नव्हता.

चिमणी त्यांचीच शिष्या. बँडमध्ये मुली घ्यायच्या ठरल्या तेव्हाची पहिली. क्लॅरिनेटवर ओठ नीट बसला नाही की चिवचिव असा आवाज फुटतो. तिचा सुरुवातीला इतका फुटायचा की नाव पडलं ते पडलंच. मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर सूर देणारं एक छोटं मशीन ठेवण्यात आलं. मशीन चुकत नसे. "पण मास्तर, त्याच्यासाठी कोणी गप्प बसत नाही," असं चिमणी एकदा म्हणाली होती.

आता अशी मुलगी सूर मागते आहे आणि मास्तर तोंड लपवून बसले आहेत, याला कारण त्यांच्या तोंडातच होतं. त्यांचे वरचे पुढचे दात हलत होते.

क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्याखाली उशीसारखा घेतात, पण वर सरळ दाताचा आधार. तोच आधार हलला तर सूर थरथरतो. मास्तरांचा थरथरत होता. हे घरात कोणाला माहीत नव्हतं, निदान मास्तरांची तशी समजूत होती.

सुरुवात झाली होती रक्ताने. वाजवून झाल्यावर क्लॅरिनेटच्या रीडवर, म्हणजे त्या बोरूच्या पातळ पट्टीवर, गुलाबी डाग दिसायला लागला. मास्तरांनी दोष रीडला दिला. रीड खरखरीत आहे, हिरडीला लागते. त्यांनी रीड घासून मऊ केल्या. डाग राहिला. दुसऱ्या दुकानातून आणल्या, त्याही घासल्या. घासून घासून कागदासारख्या झालेल्या रीड एकामागून एक कचऱ्यात गेल्या. बायको म्हणाली, "अहो, कचऱ्याच्या डब्यात बोरूचं रान उगवेल आता." ब्रश लावला की जास्त रक्त येतं असं दिसल्यावर त्यांनी ब्रशही सोडला आणि बोटाने दात घासायला लागले. मग एके दिवशी वाजवताना दात हलल्यासारखा वाटला. मास्तरांनी ठरवून टाकलं की जन्मभर वाजवलं त्याचीच ही झीज. क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी पलंगाखाली सरकवली. "दमलोय जरा," असं बायकोला सांगितलं.

तिने तेव्हा काही विचारलं नाही. ती घरी शिवणकाम करायची, बँडचे कोट वर्षानुवर्षं तिनेच शिवले होते, आणि दिवसाचा बराच वेळ तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. तिला बोलायचं असेल तेव्हा ती आधी टाचण्या काढायची. टाचण्या निघाल्या की मास्तर सावध व्हायचे.

त्या दुपारी त्या निघाल्या.

"हे काय आहे?" तिच्या हातात चिमणीचं पत्र होतं, चार घड्या घातलेलं.

बाहेरच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं. मास्तरांनी तो ठरावीक लांब सूर धरला की कपाटाची उजवीकडची काच गुणगुणायची. दुसऱ्या कुठल्याही सुराला नाही, त्या एकालाच. बायकोला त्या आवाजाने शिवणाच्या टाक्यांचा हिशेब चुकल्यासारखं व्हायचं, म्हणून ती काचेच्या फटीत कागदाची घडी खोचून ठेवायची. मास्तरांनी पत्र लपवायला हीच जागा निवडली होती. कागदाच्या घडीकडे कोण बघतं, असा त्यांचा हिशेब.

"घडी आहे," मास्तर म्हणाले. "काच वाजू नये म्हणून."

"वाजवत कोणी नाही इतके महिने, आणि काच वाजू नये म्हणून घडी?"

मास्तर कपाटाच्या काचेकडे बघायला लागले.

"वाजवायचं नसतं तर फाडून टाकलं असतंत. मला सांगा, उत्तर का नाही दिलंत?"

"देणार होतो."

"कधी? हॉल पडल्यावर?"

मास्तरांनी अंगठा वरच्या दाताला लावला आणि दात हलवून दाखवला. लहान मुलाने पडायला आलेला दात दाखवावा तसा. बायको बघत राहिली. मग म्हणाली, "चप्पल घाला."

"आज? आज कशी वेळ मिळेल?"

"बसून राहू. आपल्याला कुठे भोंगा व्हायचाय?"

दातांची डॉक्टर तिशी-पस्तिशीची बाई होती. बोलायला मोकळी, हाताला हलकी. तिने हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजली, आरशाने प्रत्येक दात पाहिला, आणि खुर्ची सरळ करून विचारलं, "काका, झोपेत दात खाता का?"

"छे," मास्तर म्हणाले.

"खातात की!" बायको कोपऱ्यातून म्हणाली. "आमच्याकडे रात्रपाळीची गिरणी चालते. फक्त पीठ निघत नाही."

डॉक्टर हसली. "पीठच निघालंय, काकू. दाढांचे माथे बघा, सपाट झालेत."

मग तिने नीट समजावून सांगितलं. दात हलत होते ते हिरड्यांच्या रोगामुळे. दाताच्या मुळाशी थर साचत गेला, हिरडी सुजली, आतलं हाड मागे सरलं. दात खाल्ल्याने हा रोग होत नाही. पण ज्या दाताची पकड आधीच सुटत चालली आहे, त्यावर रात्रभर जबड्याचा जोर पडला तर तो आणखी सैल होतो.

"म्हणजे पायाचे नट ढिले," मास्तर हळूच म्हणाले, "आणि वर यंत्र चालूच."

"अगदी तसंच. रक्त यायला लागल्यावर काय केलंत?"

मास्तरांनी रीडची हकीकत सांगितली. ब्रश सोडल्याचंही सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले.

"रीड बिचारी निर्दोष होती," डॉक्टर म्हणाली. "आणि ब्रश सोडायचा नव्हता, मऊ घेऊन जपून फिरवायचा होता. पण एक सांगा, दात खाणाऱ्याचा जबडा दुखतोच; वाजवणं बंद केल्यावर ती कळ थांबली?"

मास्तरांनी विचार केला. "वाढली," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच नवीन वाटलं.

"दात खाणं कधीपासून आहे?"

"थोडं पहिल्यापासून," बायको म्हणाली. "पण गिरणी म्हणावी असं, माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

मास्तर वळून तिच्याकडे बघत राहिले. ती छताकडे बघत होती.

"आता तुमची तब्येत कशी आहे, काकू?"

"ठणठणीत. जिने चढते. यांच्या आधी वर पोचते."

"मग काकांच्या जबड्याला ते कोणी कळवलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाली. तिने कागदावर दोन गोष्टी लिहिल्या: हिरड्यांच्या साफसफाईच्या तारखा, आणि एका समुपदेशकाचं नाव. "दात मी धरून ठेवीन. रात्री घालायला पट्टीही देईन, म्हणजे दात दातांवर घासणार नाहीत. पण जबडा कशाला आवळला जातो ते यांच्याशी बोला."

रस्त्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, "मी काय वेडा आहे?"

"गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलात तेव्हा लंगडे होतात का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? गुडघा तुमचा आणि मन काय भाड्याचं आहे?"

समुपदेशक एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचे. पन्नाशीचा, हळू बोलणारा गृहस्थ. समोरचा गप्प बसला की तेही गप्प बसत आणि चष्मा पुसत. मास्तरांना गप्प माणसांची भीती वाटत नसे, त्यामुळे पहिली खेप तशी बरी गेली, म्हणजे कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला समुपदेशकांनी विचारलं, "अंथरुणाला पाठ टेकली की काय करता?"

"ऐकतो," मास्तर म्हणाले.

"काय?"

मास्तरांनी खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या छपराकडे पाहिलं. मग ते सांगत गेले. आयुष्यभर त्यांचा कान हेच त्यांचं भांडवल होतं. शंभर आवाजांतून एक वाद्य किंचित उतरलंय हे त्यांना कळायचं. बायको हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हापासून हा कान तिच्या श्वासाला लागला होता. श्वास आत, श्वास बाहेर. मधली फट जरा लांबली की मास्तरांचे दात एकमेकांवर बसायचे, आणि पुढचा श्वास येईपर्यंत सुटायचे नाहीत. झोप लागली तरी कान जागाच असायचा, आणि दातही. ती बरी झाली, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, नातेवाइकांना कळवून झालं. मास्तरांचं ऐकणं मात्र संपलं नव्हतं.

"हे त्यांना सांगितलंत कधी?"

"तिला कशाला घाबरवायचं?"

"घाबरल्यात असं त्या म्हणाल्या का?"

समुपदेशकांनी चष्मा पुसला. मग त्यांनी मास्तरांना एक साधी सवय दिली: दिवसा आठवण होईल तेव्हा ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. आणि एक काम दिलं, जे मास्तरांना पहिल्यापेक्षा फार अवघड वाटलं. घरी जाऊन बोलायचं.

बायको शिवणाच्या मशीनवर होती, ओठांत टाचण्या होत्या. मास्तर समोरच्या स्टुलावर बसले. तिची बोलायची सोय नाही हे बघूनच त्यांनी ती वेळ साधली असावी.

"अगं, मला भीती वाटायची," ते म्हणाले. "तू झोपलीस की वाटायची. अजून वाटते."

मशीन थांबलं. तिने टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"तुम्ही माझा श्वास ऐकत होतात, मी तुमची गिरणी ऐकत होते. दोघंही जागे, आणि दोघंही डोळे मिटून."

"मग बोलली का नाहीस?"

"या घरात पहिला सूर कोण देतं?" ती म्हणाली. "थांबले होते मी."

मास्तरांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, हलणारे दात दिसले तरी.

त्यानंतर गोष्टी सरळ झाल्या असं नाही. हिरड्यांची साफसफाई दुखली. रात्रीची पट्टी पहिले काही दिवस सकाळी उशीखाली सापडायची, आणि ती तिथे कशी गेली हे मास्तरांना सांगता यायचं नाही. भीतीही गेली नाही. पण आता ती वाटली की ते बायकोला हाक मारायचे, ती "आहे, आहे, झोपा" म्हणायची, आणि पुढे खरोखर झोप लागायची. डॉक्टरने पुढचे दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधले. ब्रशचं काम मास्तरांनी यंत्राच्या देखभालीसारखं मनावर घेतलं. हळूहळू रक्त थांबलं. हिरड्यांचा फुगीर लाल रंग ओसरला.

"काम मन लावून केलंत," डॉक्टर म्हणाली. मास्तरांना आत कुठेतरी ऊब वाटली. वर्कशॉपमध्ये इंजिन पास झाल्यावर वाटायची तशी.

"मग वाजवू?"

डॉक्टरचा चेहरा बदलला. "काका, गेलेलं हाड परत येत नाही. हे दात टिकतील, पण त्यांच्यावर भार नको. वाद्य त्यांच्यावर टेकवायचं नाही."

मास्तर घरी आले ते थेट खिडकीशी जाऊन बसले. रोपाला कळी आली होती. हॉलला रंग लागत असल्याचं पेपरात आलं होतं. आता उत्तर द्यायला हरकत नव्हती: जमणार नाही, मशीन लाव. त्यांनी कागद घेतला, 'चिरंजीव चिमणी' एवढं लिहिलं, आणि पेन तिथेच राहिलं.

त्यांना आठवले त्यांचे स्वतःचे उस्ताद. बँडच्या पहिल्या पिढीतले, तोंडात दात मोजकेच. ते वाजवायचे तेव्हा वरचा ओठसुद्धा आत दुमडून घ्यायचे. दोन्ही ओठांच्या मध्ये वाद्य, दात कुठेच नाही. तरुणपणी मास्तरांना वाटायचं, म्हाताऱ्याला दात नाहीत म्हणून ही तडजोड. पण म्हाताऱ्याचा सूर मऊ होता, रुंद होता, आणि हलत नसे.

त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली.

दोन्ही ओठ दुमडून वाजवणं म्हणजे चालायला येणाऱ्या माणसाने पुन्हा रांगायला शिकणं. वरच्या ओठाला ही सवय नव्हती. तो थकायचा, सुजायचा, निसटायचा. आणि आवाज फुटायचा तो चिवचिव.

"चिमणी आली वाटतं," बायको आतून म्हणाली.

"आलीय," मास्तर म्हणाले. "बसायला सांगितलंय."

पण या पद्धतीत एक गंमत होती. जबडा आवळायची सोयच नव्हती. जरा चावलं की स्वतःचाच ओठ चावला जायचा, आणि तो तिथल्या तिथे तक्रार करायचा. सूर हवा तर दात सुटे ठेवायचे, खांदे खाली, श्वास पोटातून. समुपदेशकांनी सांगितलेलंच क्लॅरिनेट सांगत होतं, फक्त जास्त कडक आवाजात. मास्तर रोज सकाळी थोडं वाजवायचे, ओठ दमला की थांबायचे, दुसऱ्या दिवशी परत. शेजारचे जिन्यात भेटले की विचारायचे, "नातवंडं शिकतायत का?" मास्तर म्हणायचे, "हो." चिवचिव कमी झाली. फाटका आवाज सांधत गेला. पण सूर तो नव्हता, हे त्यांच्या कानाला कळत होतं. कधी किंचित खाली, कधी शेवटाला लटपटणारा. हा असला सूर बँडला द्यायचा नाही, हे त्यांचं त्यांनी पक्कं केलं होतं. चिमणीसाठीसुद्धा नाही. चिमणीसाठी तर मुळीच नाही.

मग एका सकाळी बायको मशीनवर होती आणि मास्तर बाहेरच्या खोलीत उभे होते. त्यांनी ओठ दुमडले, दात सुटे असल्याची खात्री केली, आणि सूर धरला. सूर निघाला, रुंद झाला, जागेवर बसला.

आत मशीन थांबलं. बायको दारात आली. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. सरळ कपाटाकडे गेली आणि फटीत पुन्हा खोचून ठेवलेली पत्राची घडी ओढून काढली.

काच गुणगुणायला लागली.

मास्तरांनी सूर सोडला नाही. बायको घडी हातात घेऊन कपाटाशी उभी होती, पाठ ताठ. आयुष्यभर ज्या आवाजाचा तिने वैताग केला, त्याच्यासमोर ती अशी गप्प उभी होती जसा सगळा बँड उभा राहायचा. श्वास संपला तेव्हा मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. काच अजून क्षणभर वाजत होती.

"शेवटाला जरा हलला," मास्तर म्हणाले.

"काचेला विचारा," बायको म्हणाली. मग डोळ्याला पदर लावून पुढे म्हणाली, "तुमचा कोट काढून बघते. पोटात सोडवावा लागेल. दुरून दिसतं तितके बारीक नाही राहिलात तुम्ही."

अर्धवट राहिलेला कागद टेबलावरच होता. मास्तरांनी उत्तर लिहिलं, आणि एरवी चार वेळा फाडणाऱ्या माणसाने ते एकदाच लिहिलं.

"चिरंजीव चिमणी, उत्तराला फार उशीर झाला. हिरड्यांच्या रोगाने दात हलत होते, आणि मन त्यांच्याहून जास्त. दोन्हींवर उपचार घेतले, घेतो आहे. हे कोणाला सांगायला मला आता लाज वाटत नाही, तूही लपवू नकोस. वाद्य दातांवर टेकवता येत नाही, म्हणून उस्तादांसारखं दोन्ही ओठ दुमडून वाजवतो. सूर पूर्वीसारखा नाही. थोडा मऊ आहे. पण खरा आहे, घरच्या काचेने पास केला आहे. मशीन लावू नकोस. सूर मी देईन. तू काठी नीट धर आणि घाबरलीस तर घाबरलीस असं कोणाला तरी सांग. तुझ्या काकूने विचारलंय, तुझ्या कोटाच्या बाह्या लांब होतायत का. मास्तर."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोघं चालत गेली. बायको पुढे, मास्तर अर्धं पाऊल मागे. पेटीच्या फटीत पाकीट घालून मास्तरांनी क्षणभर ते धरून ठेवलं.

"सोडा आता," बायको म्हणाली.

त्यांनी सोडलं. पाकीट तळाला टेकल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला, आणि दोघं घराकडे वळली.